जुवाखालचा खांदा

[दृश्य: पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळणारे हात.]

आज खांद शेकायची. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणत खांद्याला हळद-तूप लागतं. बोटांना कातडी लागते ती जाड, राठ. वीतभर खाली तीच कातडी मऊ. ऊनपाऊस दोन्हीकडे सारखा, फरक जुवाचा.

हे जू पेशीला कळतं कसं?

पेशीच्या पातळ पडद्यात पिएझो नावाची प्रथिनं असतात. तीन पात्यांच्या पंख्यासारखी, पण वाटीसारखी वाकलेली. पडदा ताणला की पाती सपाट होतात, मधलं छिद्र उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. तोच निरोप, काही मिलिसेकंदांत पोचतो. २०१० साली आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या पेशींतली ७२ जनुकं एकेक करून बंद केली, तेव्हा शेवटचं जनुक बंद केल्यावर पेशीला दाब कळेना आणि हे प्रथिन सापडलं. २०२१च्या नोबेलमागे हेच काम आहे.

दुसरी वाट पेशीच्या मुळाशी, जिथं ती खालच्या थराला धरून बसते. तिथं टॅलिन हे घड्या घातलेलं प्रथिन असतं. सुमारे ५ पिकोन्यूटन ओढ बसली, म्हणजे न्यूटनच्या लाख कोटीव्या भागाच्या पाचपट, की एक घडी उलगडते. तिथं व्हिन्क्युलिन हे दुसरं प्रथिन येऊन चिकटतं आणि पकड घट्ट होते.

ओझं येऊन-जाऊन असेल, मधे विसावा असेल, तर कातडीच्या तळच्या पेशी जास्त वाढतात आणि वरचा थर जाड होतो. निंदणाऱ्या बाईच्या हाताला घट्टे पडतात ते असेच.

[दृश्य: ओल्या काळ्या रानात डवरणी. जू एका बाजूला कललेलं.]

एक बैल उंच, दुसरा ठेंगणा असला की दाब एकाच जागी बसतो, वरून घासणं. दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या मिटतात; कातडी जाड व्हायला रक्तच मिळत नाही. मग खांदेसूज. तरी जुंपत राहिलं तर आतल्या पेशी कोलॅजनचे ताठ धागे विणतात, त्या ताठपणालाच ओढ समजून आणखी विणतात. अशी झालेली दगडी गाठ शेकानं विरत नाही.

म्हणून सूज ताजी, गरम असतानाच जू उतरवा. पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या पट्ट्या, शेक नंतर. कातडी फुटली असेल तर माशा बसू देऊ नका, पशुवैद्यकाला दाखवा आणि जखम पुरती भरेपर्यंत जुंपू नका. जुवाच्या गाठी, फटी, कडा कानशीनं गोल करा. हात फिरवताना कुठं अडकला, तर अजून घासायचं आहे.