बंड मोडले, तरी लष्कर जिंकले कसे? टोकियो, २६ फेब्रुवारी १९३६

नमस्कार. पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांच्या १९३२ सालच्या हत्येवरील व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे: १९३६ चे बंड चार दिवसांत मोडले आणि त्याच्या म्होरक्यांना मृत्युदंडही झाला, तर त्यानंतर जपानचे सरकार लष्कराच्या मुठीत अधिकच कसे गेले?

घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. २६ फेब्रुवारीच्या बर्फाच्छादित पहाटे काही तरुण अधिकारी सुमारे १,५०० सैनिक घेऊन टोकियोच्या मध्यभागी उतरले. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो, माजी पंतप्रधान साइतो माकोतो आणि जनरल वातानाबे जोतारो यांना त्यांनी ठार केले. पंतप्रधान ओकादा केइसुके वाचले ते केवळ त्यांच्या मेहुण्यांनाच मारेकऱ्यांनी पंतप्रधान समजल्यामुळे. ज्या सम्राटाच्या नावाने हे सारे चालले होते, तो सम्राट हिरोहितो मात्र संतापला आणि त्याने बंड मोडण्याचा आग्रह धरला. २९ तारखेला रेडिओवरून आवाहन झाले आणि सैनिक बराकींत परतले.

‘हेच खरे देशभक्त होते’ अशा प्रतिक्रिया वाचून मला मनापासून वाईट वाटते. ईशान्य जपानातील शेतकऱ्यांवर पोटच्या मुली विकण्याची वेळ आली होती, आणि त्या हालअपेष्टांची या अधिकाऱ्यांना वाटणारी चीड खरी होती, हे मी मान्य करते. परंतु लष्करी खर्चाला आवर घालू पाहणाऱ्या ८१ वर्षांच्या ताकाहाशींना त्यांच्या शयनगृहात मारून कोणत्या शेतकऱ्याचे पोट भरले? शिवाय त्या सैनिकांत जानेवारीतच भरती झालेली कितीतरी पोरे होती आणि आपल्याला कशासाठी बाहेर काढले आहे, हेही त्यांतील अनेकांना माहीत नव्हते.

आता खऱ्या अवघड मुद्द्याकडे येते. मे १९३६ मध्ये हिरोता कोकी यांच्या सरकारने १९१३ साली सैल केलेला नियम पुन्हा कडक केला, त्यानुसार लष्करमंत्री आणि नौदलमंत्री हे सेवेत असलेलेच वरिष्ठ अधिकारी असले पाहिजेत असे ठरले. बंडखोरांना जवळचे असलेले आणि आता निवृत्त केलेले सेनापती मंत्री म्हणून परत येऊ नयेत, हे कारण लष्कराने पुढे केले; म्हणजे बंडाचा बंदोबस्त म्हणूनच हा नियम आला.

मी हे वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘लष्कराने एक माणूस दिला नाही, तर पंतप्रधानांनी दुसरा नेमावा, त्यात अडचण काय?’ अडचण नेमकी तिथेच आहे, म्हणून पुन्हा सांगते. सेवेतला अधिकारी लष्कराच्या हुकमाखाली असतो. वरिष्ठांनी ‘कोणीही जायचे नाही’ असे ठरवले की पंतप्रधानांनी कोणाच्याही दारात जावे, उत्तर नकाराचेच येणार. निवृत्त सेनापतीला बोलावण्याची वाट कागदावर तरी उघडी होती, ती आता बंद झाली होती. लष्करमंत्र्याशिवाय मंत्रिमंडळ बनत नाही आणि तो मंत्री फक्त लष्करच देऊ शकते, म्हणून सरकार बनू द्यायचे की नाही, हेही लष्करच ठरवणार.

उदाहरणावरून पाहा. जानेवारी १९३७ मध्ये निवृत्त जनरल उगाकी काझुशिगे यांना मंत्रिमंडळ बनवण्याची आज्ञा खुद्द सम्राटाने दिली. १९२५ साली लष्करमंत्री असताना उगाकींनी सैन्याच्या चार डिव्हिजन कमी केल्या होत्या, आणि लष्कर ते विसरले नव्हते. लष्कराने मंत्री दिलाच नाही, आणि उगाकींना माघार घ्यावी लागली. तिथे एकही गोळी झाडावी लागली नाही.

जुलै १९४० मध्ये हेच दुसऱ्या बाजूने घडले. जर्मनीशी लष्करी करार करण्यास नाखूश असलेल्या पंतप्रधान योनाई मित्सुमासा यांच्या मंत्रिमंडळातून लष्करमंत्री हाता शुनरोकू यांनी राजीनामा दिला, लष्कराने त्यांच्या जागी दुसरे नाव सुचवले नाही आणि सरकार कोसळले. सप्टेंबरमध्ये जपानने जर्मनी आणि इटलीबरोबर त्रिपक्षीय करारावर सही केली.