ईमचं चर्च, ज्यानं स्वतःचं दार लावून घेतलं

हे इंग्लंडमधल्या डर्बीशरचं ईम गाव, आणि समोर दिसतंय ते सेंट लॉरेन्स, गावाचं पॅरिश चर्च. अंगणातला हा नक्षीदार दगडी क्रॉस सॅक्सन काळातला, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचा, चर्चच्या आजच्या भिंतींपेक्षाही जुना. पण मला सांगायचंय ते १६६६ सालचं.

आदल्या वर्षी लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. दमट होता म्हणून शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स यानं तो शेकोटीपुढे वाळत घातला, त्यात प्लेग पसरवणाऱ्या पिसवा होत्या असं सांगतात, आणि ७ सप्टेंबर १६६५ ला जॉर्ज गेला. प्लेग. मग घरातली माणसं, मग शेजारपाजार. थंडीत जरा ओसरला आणि उन्हाळ्यात परत भडकला.

रेक्टर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन तिशीच्या आतला, गावात नवीन, त्याचं ऐकणार कोण? म्हणून तो थॉमस स्टॅन्लीकडे गेला. स्टॅन्ली आधीचा धर्मगुरू, चर्चचे नवे नियम मानले नाहीत म्हणून पदावरून काढलेला, गाव अजून त्यालाच मानायचं. धर्माच्या बाबतीत दोघांचं पटणारं नव्हतं तरी ते लोकांपुढे एकत्र उभे राहिले, मला तर हेच फार मोठं वाटतं.

ठरलं असं, की साथ बाहेर पसरू नये म्हणून गावाची शीव कुणी ओलांडायची नाही. शिवेवरच्या दगडाला भोकं पाडून त्यात व्हिनेगर ओतलं, पैसे त्यात टाकायचे आणि बाहेरच्यांनी ठेवलेलं अन्न उचलायचं. चर्च बंद, प्रार्थना कक्लेट डेल्फच्या दरीत उघड्यावर, एकेक कुटुंब लांब लांब उभं. आणि आपलं माणूस गेलं तर आपणच पुरायचं, शेतात नाहीतर परसात, चर्चच्या अंगणातली जागासुद्धा नाही, त्या काळच्या माणसाला हे किती जड गेलं असेल बघा.

एलिझाबेथ हॅनकॉकनं ८ दिवसांत नवरा आणि ६ मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. तिला स्वतःला प्लेग झालाच नाही. गावाबाहेर माळावर त्या कबरी आजही आहेत, भोवती दगडी गडगा घातलाय.

मॉम्पेसनची बायको कॅथरीन, मुलांना तिकडे यॉर्कशरला पाठवलं पण स्वतः काही गेली नाही, ऑगस्टमध्ये तीही प्लेगनं वारली. तिची कबर मात्र इथंच, चर्चच्या अंगणात.

नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ थांबली तोवर गावातली सुमारे २६० माणसं गेली होती.

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी लोक अजून त्याच दरीत जमतात, प्रार्थनेला, उघड्यावर.