नोंदवहीचा शेवटचा रकाना

[दृश्य : पहाटेचे रिकामे सभागृह]

पहाटेचे सहा वाजले आहेत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या, एका टेबलावर रक्तदाब मोजण्याची चार यंत्रे, दुसऱ्यावर कोऱ्या नोंदवह्या, आणि दारात अजून न उलगडलेला फलक. दोन तासांनी दार उघडेल आणि त्यानंतरच्या चार तासांत सुमारे २४० माणसे या सभागृहातून जातील, असा आरोग्य-शिबिराच्या आयोजकांचा अंदाज आहे. संध्याकाळी उपस्थितीचा आकडा आनंदाने सांगितला जाईल, आणि त्यात गैर काही नाही. आमचे लक्ष मात्र नोंदवहीच्या शेवटच्या रकान्याकडे आहे. त्यावर ‘पाठपुरावा’ असे छापलेले असते आणि शिबिर संपताना तो जवळजवळ कोरा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेवर १९४६ साली स्वाक्षऱ्या झाल्या आणि ७ एप्रिल १९४८ रोजी ती अमलात आली. केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य, असे त्या घटनेने मानले नाही. माणूस शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पूर्णपणे सुस्थितीत असावा, अशी तिची व्याख्या आहे. व्याख्या उदात्त आहे, पण एका दिवसाच्या उपक्रमाला ती गोत्यातही आणते, कारण तिच्यात सगळेच बसते आणि मग आयोजकांना सगळेच करावेसे वाटते. रक्तदाब, साखर, डोळे, दात, आहार, व्यायाम, मनःस्वास्थ्य, शिवाय उद्घाटनाची भाषणे. आमच्या मते तीन गोष्टी नीट केलेले शिबिर दहा गोष्टी उरकलेल्या शिबिरापेक्षा केव्हाही चांगले.

कोणत्या तीन, हे ठरवण्याआधी शिबिर कोणासाठी आहे हे ठरवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार जगातील ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाच नव्हती. शिबिराला खरी गरज आहे ती या निम्म्यांची. अडचण अशी की, फलक वाचून हौसेने येणारा माणूस बहुधा आधीच स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणारा असतो. रात्रपाळी करणारा, घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणारा, किंवा तपासणीत काही निघेल या भीतीने दूर राहणारा माणूस सकाळी आठ ते बारा या वेळेत येत नाही. म्हणून वेळ, जागा आणि विषय ही तिन्ही आयोजकांच्या सोयीने न ठरवता, ज्यांनी यावे असे वाटते त्यांच्यापैकी काही जणांना नियोजनाच्या पहिल्याच बैठकीत बसवून ठरवावी लागतात. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात म्हटले आहे. बैठकीच्या पातळीवर त्याचा अर्थ एवढाच, की अशा बैठकीत ऐकणाऱ्यांनी बोलणाऱ्यांपेक्षा जास्त असावे.

[दृश्य : कागदपत्रांचे टेबल, एक पत्र वाचणारे हात]

सभागृह आरक्षित करण्याच्याही आधी एक काम उरकायचे असते. तपासणीत ज्यांच्यात काही आढळेल त्यांना पाठवायचे कुठे? जेम्स विल्सन आणि गुन्नर युंग्नर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली चाळणी-तपासण्यांची, म्हणजे लक्षणे नसलेल्यांत आजाराची शंका शोधणाऱ्या तपासण्यांची, दहा तत्त्वे मांडली. त्यांत निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे, ही स्पष्ट अट आहे. या अटीकडे डोळेझाक केली की शिबिर माणसाच्या हातात एक काळजी ठेवते आणि त्याला निरोप देते. जवळच्या दवाखान्याशी बोलून पुढच्या दोन आठवड्यांत किती जणांना वेळ देता येईल, कोणत्या दिवशी आणि कोणाकडे, हे लेखी घेतले पाहिजे. दवाखान्याने वीस म्हटले तर वीस. मग तपासण्याही त्या बेताने ठरवाव्यात. हे पत्र हाती येईपर्यंत फलक छापायला देऊ नये, असे आम्हांला वाटते.

यानंतरचा भाग गणिताचा आहे. चार तासांत २४० माणसे म्हणजे मिनिटाला एक. नोंदणीला दोन मिनिटे लागत असतील तर नोंदणीची दोन टेबले लागतात. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसायचे असते, म्हणजे तेवढ्यासाठीच पाच खुर्च्या सतत भरलेल्या राहतील. पट्टा बांधणे, एकेका मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या घेणे आणि नोंद करणे यांत चार मिनिटे जातात, म्हणून मोजणारी माणसे चार हवीत. माणूस सरासरी अर्धा तास आत थांबणार असेल तर कोणत्याही क्षणी सभागृहात तीस जण असतील. येण्याचा वेग आणि थांबण्याचा काळ यांचा गुणाकार म्हणजे आत असलेल्यांची सरासरी संख्या, हे सूत्र जॉन लिटल या संशोधकाने १९६१ साली सिद्ध केले. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर मावेल एवढेच हे गणित आहे, तरी ते केले जात नाही आणि मग रांग दाराबाहेर जाते.

याच गणितात शिबिराचे सर्वांत नाजूक ठिकाण सापडते. तपासणीनंतर आकड्यांचा अर्थ समजावून सांगायला प्रत्येकी सहा मिनिटे धरली, तर सल्ला देणारे सहा जण लागतील. प्रत्यक्षात तिथे एकच टेबल असते. ज्या संभाषणासाठी हा सगळा खटाटोप, तेच दीड मिनिटात आटोपले जाते. मनुष्यबळ कमी असेल तर मोजण्याचे प्रकार कमी करावेत आणि तिथली माणसे सल्ल्याच्या टेबलावर बसवावीत. शिवाय माणसे घड्याळ लावून मिनिटाला एक अशी येत नाहीत. पहिल्या तासातच निम्मी आली तर वेग दुप्पट होतो आणि वरचे सगळे आकडे दुपटीने वाढतात. नावनोंदणी करतानाच प्रत्येकाला अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ वाटून देणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

[दृश्य : रक्तदाब मोजणारे हात, जवळून]

रक्तदाब मोजणे सोपे दिसते आणि म्हणूनच ते चुकते. पाठ टेकलेली, दोन्ही पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवलेला आणि पट्टा उघड्या दंडावर. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, धूम्रपान किंवा व्यायाम झालेला नसावा. लघवी तुंबलेली असेल तर आकडा चढतो, मोजताना बोलले तर चढतो, दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तरीही चढतो. म्हणून स्वच्छतागृहाची दिशा दाखवणारी पाटी ही तपासणीच्या साधनांपैकीच एक समजावी, आणि किमान दोन मापांचे पट्टे टेबलावर असावेत.

ध्वनिक्षेपकाविषयीही येथेच बोलले पाहिजे. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने १९०५ साली दाखवून दिले की, पट्ट्यातील हवा हळूहळू सोडताना रोहिणीतून येणारे आवाज ऐकून रक्तदाब ठरवता येतो. हे आवाज अतिशय मंद असतात. पाहुण्यांच्या स्वागताची घोषणा चालू असताना स्टेथोस्कोप कानाला लावून ते ऐकण्याचा प्रयत्न करणाऱ्या परिचारिकेविषयी आम्हांला नेहमीच सहानुभूती वाटत आली आहे. स्वयंचलित यंत्राला ऐकावे लागत नाही हे खरे, परंतु शांत बसण्याची ती पाच मिनिटे त्याही यंत्राला हवीच असतात.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यापेक्षा कमी नसेल, आणि असे दोन वेगवेगळ्या दिवशी आढळले, तर उच्च रक्तदाबाचे निदान होते. शिबिर हा एकच दिवस असतो. तेथे निदान होत नाही, शंका तेवढी निर्माण होते, आणि कागदावर तसेच लिहिले पाहिजे. आकडे १८० आणि १२० च्या घरात गेले तर माणसाला काही वेळ स्वस्थ बसवून पुन्हा मोजावे. त्यासोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यातील अडखळ किंवा एका बाजूचा अशक्तपणा असेल तर चिठ्ठी लिहीत बसू नये, रुग्णवाहिका बोलवावी.

साखरेच्या तपासणीत सुई टोचली जाते, त्यामुळे तेथे निष्काळजीपणाची किंमत मोठी असते. प्रत्येकासाठी नवी सुई, तीही एकदा टोचली की आपोआप आत जाऊन निकामी होणारी, प्रत्येक वेळी नवे हातमोजे, आणि वापरलेल्या सुयांसाठी टणक, न भोसकला जाणारा डबा. तो तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. टोचण्याचे साधन एकाचे दुसऱ्याला वापरल्यास रक्तातून पसरणारी कावीळ लागू शकते. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटाच वर जातो, म्हणून आधी हात पाण्याने धुऊन कोरडे करावेत. उपाशीपोटी बोलावायचे असेल तर मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना काय करायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच कळवावे आणि त्यांना रांगेत पुढे घ्यावे. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आकडा आला तरी बोटातील थेंबावर मधुमेहाचा शिक्का मारायचा नसतो. ते काम प्रयोगशाळेचे आहे.

[दृश्य : पडद्याआडचे टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या]

आकडा मोठ्याने उच्चारू नये, ही सूचना स्वयंसेवकांना शिबिराच्या आदल्या दिवशीच द्यावी. “अहो, तुमचे वजन फार वाढले आहे,” हे वाक्य दहा माणसांच्या देखत ऐकलेली व्यक्ती पुढच्या वर्षी येत नाही, आणि का आली नाही हे कोणालाच कळत नाही. मनःस्वास्थ्याच्या टेबलावर तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का, आणि मन खिन्न किंवा निराश राहिले आहे का, हे दोन प्रश्न नैराश्याच्या प्राथमिक चाळणीसाठी जगभर वापरले जातात. प्रश्न छोटे आहेत, उत्तरे तशी नसतात. उत्तर ऐकून घेणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि बसायला आडोसा, या दोन्ही गोष्टी नसतील तर ते प्रश्न विचारूच नयेत.

दाराशी पायरी असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार लागतो, आणि त्याचे प्रमाण एकास बारा असते. ३० सेंटिमीटर उंचीसाठी ३.६ मीटर लांबी, हा हिशेब पायरीवर टेकवलेल्या फळीला मान्य नसतो. पिण्याचे पाणी, सावली आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळा ठेवलेला रस्ता यांची जबाबदारी एकेका नावावर लिहून द्यावी. एखाद्याचे हृदय अचानक थांबले तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबायची असते. हे करता येणारे किमान चार जण सभागृहात असावेत आणि ते कोण आहेत हे इतरांना ठाऊक असावे.

[दृश्य : दुपार, खुर्च्या पुन्हा घडी होत आहेत]

दुपारी बारा वाजता दार बंद होते आणि आभारप्रदर्शन होते. एवढ्याने कोणाच्या प्रकृतीत फरक पडतो का? सर्वसाधारण आरोग्य-तपासण्यांचा उपयोग होतो का हे पाहणाऱ्या प्रयोगांचा आढावा, वैद्यकीय संशोधन तपासून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेने, २०१९ साली अद्ययावत केला. त्यात १५ प्रयोगांतील अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती होती, आणि अशा तपासण्यांमुळे एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फारसा किंवा काहीच फरक पडत नाही, असे आढळले. शिबिर भरवणाऱ्यांना हा निष्कर्ष आवडणारा नाही. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेला लॉस एंजेलिसमधील एक प्रयोग त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. तेथे ५२ केशकर्तनालयांत येणाऱ्या, उच्च रक्तदाब असलेल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला केशकर्तनकारांनी राहणीमान सुधारण्याचा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह केला. दुसऱ्या गटासाठी औषधतज्ज्ञ त्याच दुकानात येऊन, डॉक्टरांच्या संमतीने, औषधे सुरू करीत आणि पुन्हा पुन्हा भेटत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ९ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा २७ अंकांनी. दोन्हीकडे मोजणे होते, दोन्हीकडे आपुलकीचा आग्रह होता. पुन्हा येऊन भेटणारा माणूस एकाच बाजूला होता.

व्यायामाच्या सत्राचेही असेच आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. शिबिरातील चाळीस मिनिटांचे सामूहिक प्रात्यक्षिक छायाचित्रात उठून दिसते. त्यातून दहा जणांचा रोज संध्याकाळी चालायला जाणारा गट तयार झाला, तर त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

[दृश्य : सातवा दिवस, एक खोली, एक दूरध्वनी]

शिबिराला आठवडा झाला आहे. ज्यांना चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवले होते त्या एकोणीस जणांची यादी स्वयंसेविकेच्या समोर आहे. फोन करण्याची संमती त्यांच्याकडून नोंदणीच्या वेळीच घेतलेली होती. अकरा जण जाऊन आले आहेत आणि त्यांच्या नावापुढे तारीख पडली आहे. पाच जणांनी पुढच्या आठवड्यात जाऊ असे सांगितले, त्यांपैकी एकाला त्या दिवशी सोबत हवी आहे, ती कोण देणार हे तिने समासात लिहून ठेवले आहे. उरलेल्या तिघांनी फोन उचललेला नाही. ती घड्याळ पाहते. रात्रपाळी करणारा माणूस आता उठलेला असेल, असा अंदाज करून ती पहिला क्रमांक पुन्हा फिरवते.