विक्रमवीर पहिल्याच फेरीत गारद

नमस्कार श्रोतेहो. आज सुरुवातीलाच दोन आकडे सांगतो, तेवढे लक्षात ठेवा: १३५ आणि ९२.

उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची जी सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा आहे, नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, तिच्या २०२२-२३च्या हंगामात बॉस्टन ब्रुइन्स या संघाने १३५ गुण मिळवले. शंभराहून जास्त वर्षं चाललेल्या या लीगमध्ये एवढे गुण त्याआधी कुणाला मिळाले नव्हते. त्याच हंगामात फ्लॉरिडा पँथर्सचे गुण झाले ९२. ते कसेबसे प्लेऑफमध्ये पोहोचले, तेही शेवटच्या आठवड्यात पिट्सबर्गचा संघ तळाशी रखडलेल्या शिकागोकडून स्वतःच्याच मैदानावर हरला म्हणून. पहिल्या फेरीत या दोघांची गाठ पडली आणि ९२वाल्यांनी १३५वाल्यांना घरी पाठवलं. पाठवलं तरी कसं म्हणायचं, शेवटचा सामना बॉस्टनमध्येच होता. घरीच बसवलं.

आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ पाहिलेला नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद बर्फाचं मैदान, भोवती कठडा आणि काच. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक, सगळ्यांच्या पायात स्केट्स. चेंडूच्या जागी पक नावाची कडक रबराची चकती, साधारण १७० ग्रॅमची, आणि ती जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावतात आणि खेळ चालू असतानाच कठडा ओलांडून बाहेर येतात, त्यांच्या जागी दुसरे उतरतात. जिंकलात तर दोन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तर एक. त्या हंगामात असे ८२ सामने खेळायचे होते. मग ३२ पैकी १६ संघ प्लेऑफमध्ये. तिथे चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत जास्तीत जास्त सात सामने, चार जिंकेल तो पुढे. शेवटी हाती येतो तो स्टॅन्ले कप, १८९३ पासून दिला जाणारा.

ब्रुइन्स हे या लीगमधलं जुनं घराणं. १९२४ साली लीगमध्ये आलेला अमेरिकेतला पहिला संघ हाच. सहा वेळा कप जिंकलेला, पण शेवटचा २०११ मध्ये. २०२२च्या उन्हाळ्यात या संघाकडे पाहून फार आशा वाटावी असं काही नव्हतं. प्रशिक्षक ब्रूस कॅसिडी यांना काढून टाकलं होतं. त्यांच्या जागी आले जिम माँटगोमरी. डॅलसच्या संघाने २०१९ मध्ये त्यांना गैरवर्तनाच्या कारणावरून काढलं होतं. त्यानंतर दारूच्या व्यसनावर उपचार घेत असल्याचं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं, आणि पुन्हा उभे राहण्याची ही त्यांची संधी होती. कर्णधार पॅट्रिस बर्जरॉन ३७ वर्षांचा. त्याचा जुना जोडीदार डेव्हिड क्रेची एक वर्ष मायदेशी, चेक प्रजासत्ताकात, खेळून परत आलेला. ब्रॅड मार्शंड आणि चार्ली मॅकावॉय हे दोघं तर शस्त्रक्रियेतून सावरत होते, सुरुवातीचे सामने त्यांच्याशिवायच खेळायचे होते.

आणि या संघाने घरच्या मैदानावरचे पहिले १४ सामने सलग जिंकले! हाही विक्रम. हंगाम संपला तेव्हा हिशोब होता ८२ सामन्यांत ६५ विजय. आधीचा विक्रम ६२ विजयांचा होता, तो डेट्रॉइटने १९९५-९६ मध्ये केला आणि टँपा बेने २०१८-१९ मध्ये गाठला. गुणांचा विक्रम माँट्रियालच्या नावावर होता, १९७६-७७चा, १३२ गुणांचा. डेव्हिड पास्टरनाकने एकट्याने ६१ गोल केले.

पण या संघाची खरी ताकद मागे होती, गोलजाळ्यात. तिथे दोघं होते. स्वीडनचा लिनस उल्मार्क आणि अलास्काचा तरुण जेरेमी स्वेमन. एनएचएलमध्ये बहुतेक संघांचा एक ठरलेला गोलरक्षक असतो आणि दुसरा त्याला विश्रांती द्यायला. माँटगोमरींनी काम वाटून दिलं. उल्मार्क ४८ सामन्यांत सुरुवातीपासून उतरला, स्वेमन ३३ सामन्यांत. त्यामुळे दोघंही ताजेतवाने. उल्मार्कने ४० सामने जिंकून दिले, स्वेमनने २४. आणि सामना जिंकला की हे दोघं बर्फावर एकमेकांना कडकडून मिठी मारायचे. ती मिठी बघायला लोक शेवटपर्यंत थांबायचे. फेब्रुवारीत व्हँकूव्हरविरुद्ध तर उल्मार्कने आपल्या जाळ्यासमोरून पक हाणला आणि समोरच्या मोकळ्या जाळ्यात गोल केला. ब्रुइन्सच्या इतिहासात गोलरक्षकाने केलेला तो पहिला गोल. असा तो हंगाम होता, जे हातात घ्यावं ते साधत होतं.

मालिका सुरू झाली. शेवटच्या साखळी सामन्यात पाठीला दुखापत झाल्यामुळे बर्जरॉन बाहेर. तरी पहिला सामना बॉस्टनने ३-१ घेतला. दुसरा फ्लॉरिडाने ६-३. तिसरा बॉस्टन ४-२, चौथा बॉस्टन ६-२. म्हणजे मालिकेत ३-१ अशी आघाडी आणि पाचवा सामना घरी. संपलंच म्हणा.

इथे फ्लॉरिडाच्या जाळ्यातल्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. सर्गेई बोब्रोव्स्की. सात वर्षांचा सात कोटी डॉलरचा करार असलेला हा रशियन गोलरक्षक मालिकेच्या सुरुवातीला बाकावर होता. संघाला प्लेऑफपर्यंत आणणाऱ्या ॲलेक्स लायनलाच प्रशिक्षक पॉल मॉरिस यांनी खेळवलं होतं. तिसऱ्या सामन्यात लायनच्या जागी बोब्रोव्स्की आला आणि चौथ्यात तो सुरुवातीपासून उतरला. योगायोग पाहा, २०१९ मध्ये ६२ विजय मिळवलेल्या टँपा बेला पहिल्याच फेरीत ४-० असं धुऊन काढणाऱ्या कोलंबसच्या जाळ्यातही हाच बोब्रोव्स्की होता. विक्रमवीरांचा याला काय राग आहे कोण जाणे.

पाचवा सामना, ३-३ बरोबरी. अगदी शेवटच्या क्षणी मार्शंड एकटाच पक घेऊन सुटला, समोर फक्त बोब्रोव्स्की. तो गोल झाला असता तर हे भाषणच झालं नसतं. बोब्रोव्स्कीने अडवला. जादा वेळ सुरू झाला. आता प्लेऑफमधला जादा वेळ म्हणजे शूटआउट वगैरे काही नाही, कुणी तरी गोल करेपर्यंत पूर्ण संघांनिशी खेळत राहायचं. उल्मार्क स्वतःच्या जाळ्यामागे पक काढायला गेला, तिथे तो त्याच्याकडून निसटला, आणि फ्लॉरिडाच्या मॅथ्यू कचकने गोल केला. सहाव्या सामन्यात बॉस्टन शेवटच्या भागात ५-४ पुढे होतं. हरलं ७-५.

सातव्यासाठी माँटगोमरींनी उल्मार्कला बसवलं आणि स्वेमनला उतरवलं.

हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. उल्मार्क दुखापत अंगावर काढत खेळत असल्याच्या बातम्या होत्या, आणि स्वेमनने सातव्या सामन्यात वाईट कामगिरी केलीही नाही. माझी तक्रार आधीच्या सहा सामन्यांबद्दल आहे. सहा महिने ज्या पद्धतीने जगातला सगळ्यात भक्कम बचाव उभा राहिला, ती पद्धत प्लेऑफ सुरू होताच गुंडाळून ठेवली. का? तर प्लेऑफमध्ये एकच गोलरक्षक खेळवायचा असतो, अशी या खेळातली जुनी रूढी. स्वेमन दोन आठवडे जवळपास नुसता बसून होता, आणि मग हंगामातल्या सगळ्यात अवघड सामन्यात त्याला सांगितलं, जा. आळीपाळीने खेळवून ६५ सामने जिंकणाऱ्या संघाला सर्वात आधी कशाची भीती वाटली असेल, तर स्वतःच्या वेगळेपणाची.

तर ३० एप्रिलची रात्र. आपल्याकडे तेव्हा महाराष्ट्र दिनाची सकाळ होत होती. फ्लॉरिडा २-० पुढे गेलं. क्रेचीने एक फेडला, टायलर बर्टुझीने दुसरा, पास्टरनाकने तिसरा मारून बॉस्टनला ३-२ पुढे नेलं. गार्डनमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या घरच्या मैदानात, प्रेक्षक उभे. घड्याळात शेवटचं मिनिट. फ्लॉरिडाने गोलरक्षक बाहेर काढून सहावा हल्लेखोर आत घेतला, हा या खेळातला शेवटचा जुगार असतो. आणि ब्रँडन माँटूरने मारलेला पक आत गेला. ३-३. जादा वेळेतली आठ मिनिटं ३५ सेकंद झाली होती तेव्हा फ्लॉरिडाच्या कार्टर वरहेगीने गोल करून सामना संपवला.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर: दडपणाखाली कोसळले, मोठ्या सामन्यात कच खाल्ली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सलग दहा सामने जिंकून अहमदाबादला अंतिम सामना हरलेल्या आपल्या क्रिकेट संघाबद्दलही हेच बोललं गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. मला हे बोलणं आळशीपणाचं वाटतं. एक साधं गणित करून पाहा. समजा तुमचा संघ इतका चांगला आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात ६० आहे. मग सात सामन्यांची मालिका तो शंभरातल्या ७१ वेळा जिंकेल. म्हणजे २९ वेळा चांगलाच संघ हरणार, कुणीही कच न खाता. आणि अशा चार फेऱ्या लागोपाठ जिंकायच्या तर शक्यता उरते शंभरात २५. एका सामन्यात एकेका संघाचे तीनेक गोल होतात, त्यातले काही कुणाच्या तरी स्केटला, काठीला, पाठीला लागून दिशा बदलून जातात. ८२ सामन्यांत हे नशीब सगळ्यांना सारखं वाटलं जातं. सातात नाही.

म्हणूनच साखळीत अव्वल येणाऱ्याला जी प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळते, ती शापित आहे असं तिकडे म्हणतात. ती आणि स्टॅन्ले कप एकाच वर्षी जिंकणारा शेवटचा संघ म्हणजे २०१३चा शिकागो. पुढे २०२५ पर्यंत कुणाला जमलं नाही. २०२२ मध्ये ती ट्रॉफी कुणाकडे होती माहीत आहे? याच फ्लॉरिडा पँथर्सकडे, १२२ गुणांसह. दुसऱ्या फेरीत टँपाने त्यांना ४-० हरवलं. फ्लॉरिडाने त्या उन्हाळ्यात धडाका लावला. योनाथन ह्युबर्डो हा लाडका खेळाडू कॅलगरीला देऊन कचकला आणलं. गुण ३० नी कमी झाले, पण संघ प्लेऑफच्या रेटारेटीसाठी बांधला गेला. बॉस्टननंतर त्यांनी टोरँटोला ४-१ आणि कॅरोलायनाला ४-० हरवलं. अंतिम फेरीत मात्र ते लास व्हेगासकडून हरले. व्हेगासचे प्रशिक्षक कोण? ब्रूस कॅसिडी. बॉस्टनने वर्षभरापूर्वी ज्यांना नारळ दिला होता, तेच.

टँपाने २०१९च्या नामुष्कीनंतर पुढची दोन्ही वर्षं कप जिंकला. डेट्रॉइटनेही १९९७ आणि १९९८ मध्ये जिंकला. बॉस्टनला ती संधी मिळाली नाही, कारण त्यांनी ऋण काढून सण केला होता. खेळाडूंच्या पगारावर लीगची कमाल मर्यादा असते. बर्जरॉन आणि क्रेची यांनी मोठ्या मनाने कमी पगार घेतला, बाकीची रक्कम बोनस म्हणून, आणि त्या बोनसचे सुमारे ४५ लाख डॉलर पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून वजा झाले. हंगामाच्या मध्यात वॉशिंग्टनहून दिमित्री ओर्लोव्ह आणि गार्नेट हॅथवे, डेट्रॉइटहून बर्टुझी असे उसनवारीवर आणल्यासारखे खेळाडू आणले, त्यासाठी नवोदितांच्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क दोन वर्षांसाठी देऊन टाकला. ते तिघंही त्याच उन्हाळ्यात निघून गेले. बर्जरॉन जुलैत निवृत्त झाला, क्रेची ऑगस्टमध्ये. माँटगोमरींना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून पुरस्कार मिळाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नोकरीवरून डच्चूही.

उल्मार्कची गोष्ट तर कागदी व्यवहाराची गंमत आहे. २०२४ मध्ये बॉस्टनने त्याला ओटावाला दिलं. बदल्यात जे मिळालं त्यात पहिल्या फेरीतल्या निवडीचा एक हक्क होता. तो मुळात बॉस्टनचाच. बर्टुझीसाठी डेट्रॉइटला दिलेला, डेट्रॉइटने ओटावाला दिलेला, आणि आता घरी परतलेला.

फ्लॉरिडाने २०२४ मध्ये कप जिंकला आणि २०२५ मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी अंतिम फेरीत त्यांच्यासाठी सहा गोल करणारा ३७ वर्षांचा खेळाडू मार्च महिन्यातच बॉस्टनहून आला होता. ब्रॅड मार्शंड, तोच, ज्याचा शेवटच्या सेकंदाचा फटका बोब्रोव्स्कीने अडवला होता. आता दोघांच्या अंगावर एकच जर्सी होती. त्या वर्षी बॉस्टन प्लेऑफलाही पोहोचलं नाही.

माझं मत विचाराल तर २०२२-२३ मध्ये सगळ्यात चांगली हॉकी बॉस्टनच खेळलं, आणि सात सामन्यांनी ते खोटं ठरत नाही. बॉस्टनचे लोक हे मान्य करणार नाहीत. त्यांना कप हवा होता.

नमस्कार.