पाळी जाताना येणाऱ्या वाफा आणि कोकणातला झाडपाला

नमस्कार. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून येणाऱ्या गरम वाफा आणि त्यांवर आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी सुचवला जाणारा झाडपाला, हा आजचा विषय आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात, आणि भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सरासरी 46-47 च्या आसपास असते. वाफा पुष्कळदा त्याआधीच सुरू होतात आणि नंतरही काही वर्षे त्रास देत राहतात.

या वाफांना आपल्याकडे सरसकट ‘उष्णता वाढली’ असे म्हटले जाते आणि म्हणून थंड पदार्थ सुचवले जातात. प्रत्यक्षात शरीरात जास्तीची उष्णता साठलेली नसते. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाल्यामुळे मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र अतिसंवेदनशील होते. अंगाचे तापमान किंचितसे वाढले तरी त्याला ते असह्य वाटते, आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी ते त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावते व घाम आणते. किनारपट्टीवर हवेतच इतकी आर्द्रता असते की हा घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे वैशाखात मालवणच्या किंवा गुहागरच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला तीच वाफ अधिक जाचक वाटली तर नवल नाही.

कोकमापासून सुरुवात करू. रातांब्याचे सरबत किंवा सोलकढी प्यायल्याने तोंडाला रुची येते, घामावाटे गेलेले पाणी भरून निघते आणि बरे वाटते. मात्र मेंदूतील त्या केंद्रावर कोकमाचा परिणाम होतो असे कोणत्याही भरवशाच्या चाचणीने दाखवलेले नाही. ते आवडीने प्यावे, औषध समजून नव्हे. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असते, आणि याच वयात अनेकींचा रक्तदाब वाढू लागतो. तो वाढलेला असेल तर आगळ जपून वापरावे. अमृत कोकमात साखर असते, तेव्हा मधुमेह असणाऱ्यांनी तिथेही हात आखडता घ्यावा.

जवसाची चटणी सध्या मोबाईलवरच्या संदेशांतून फार फिरते. जवसात लिग्नान नावाची, इस्ट्रोजेनशी थोडेसे साधर्म्य असलेली द्रव्ये असतात, त्यामुळे अपेक्षा वाजवी होती. अमेरिकेत 188 स्त्रियांवर सहा आठवडे झालेल्या एका चाचणीत एका गटाला जवस घातलेली वडी आणि दुसऱ्या गटाला बिनजवसाची वडी दिली गेली. त्रास दोन्ही गटांत कमी झाला आणि एका गटाच्या तुलनेत दुसऱ्यात म्हणावा असा फरक आढळला नाही. वाफांच्या बाबतीत हे नेहमीच दिसते: निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकीही पुष्कळ जणींना आराम पडतो, शिवाय काळ जाईल तसा त्रास आपोआपही ओसरतो. म्हणून ‘मला काढ्याने गुण आला’ हे शेजारणीचे सांगणे प्रामाणिक असते, पण तेवढ्यावरून काढ्याचा गुण सिद्ध होत नाही. परदेशातून कॅप्सूलच्या रूपात येणाऱ्या ब्लॅक कोहोश या वनस्पतीची गतही अशीच आहे: 2012 मध्ये 16 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि त्यात तिच्या बाजूने पुरेसा पुरावा मिळाला नाही. उलट ती घेणाऱ्या काही स्त्रियांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

शतावरी आणि अश्वगंधा यांच्यावर लहान प्रमाणातील काही चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांतले निष्कर्ष आशादायक वाटले, तरी तेवढ्या आधारावर खात्री देणे मला योग्य वाटत नाही. अश्वगंधेच्या गोळ्यांनी क्वचित यकृतावर परिणाम होतो, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्या मात्रेचे गणित बिघडू शकते. ज्येष्ठमध घशासाठी चघळतो तेवढे ठीक. रोज चमचाभर चूर्ण घेतले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या स्त्रियांनी तर इस्ट्रोजेनसारखे काम करणारे कोणतेही चूर्ण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ताटातला पदार्थ आणि डबीतला अर्क यांत मात्रेचा फार मोठा फरक असतो. दुकानात ‘आयुर्वेदिक’ अशी चिठ्ठी लागली की हा फरक आपण विसरतो.

वाफांनी झोप पूर्ण उडत असेल तर डॉक्टरांकडे यापेक्षा बरेच खात्रीचे उपाय आहेत. हार्मोन उपचारांविषयीची भीती मुख्यतः 2002 मधील एका अमेरिकन अभ्यासातून पसरली. साठीच्या आतील, अन्य मोठे आजार नसलेल्या स्त्रियांसाठी त्यांचे फायदे बहुधा धोक्यांपेक्षा जास्त असतात, असे आजचे मत आहे. हार्मोन चालत नसतील तर त्यांच्याशिवायची औषधेही मिळतात.

आता अशोक, आणि इथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. सह्याद्रीच्या उतारावरील सीतेच्या अशोकाची साल पाळीत अंगावरून रक्त जास्त जात असेल तर परंपरेने दिली जाते. बाजारात तिच्या नावावर पुष्कळदा बंगल्यांच्या फाटकाशी लावतात त्या उंच, सरळसोट अशोकाची साल खपवली जाते, आणि ते झाड मुळात वेगळ्याच कुळातले आहे. पण साल अस्सल असली तरी, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर अशोकारिष्टाच्या, म्हणजे या सालीच्या आयुर्वेदिक औषधाच्या, बाटलीवर महिने काढू नयेत. असा रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 9 टक्के जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. डाग एकदाच आणि अगदी थोडा लागला असला तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. सोनोग्राफीत ते अस्तराची जाडी मोजतात आणि गरज वाटल्यास त्याचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवतात. हा आजार सुरुवातीला सापडला तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो.