स्कॅन झालं, सापडेल कसं?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय जरा जड छापलाय, 'स्थानिक स्वराज्य संस्थांतील इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि माहितीचा अधिकार'. मला त्यातलं एकच बोलायचंय. कागद स्कॅन करणं वेगळं आणि तो हवा तेव्हा सापडेल असा ठेवणं वेगळं. आपल्याकडं पहिलं उरकलं की दुसरंही झालं असं धरून चालतात.

समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी माहिती अधिकारात अर्ज केलेत, त्यामुळं दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवस, पहिलं अपील हे मी सांगत बसत नाही. माझ्या एका अर्जाची गोष्ट सांगतो.

शहराबाहेर एका गावात आमचं जुनं घर आहे. 2019 च्या ऑगस्टात तिथं उंबऱ्याच्या आत पाणी आलं. पंचगंगेचं पाणी नव्हे, ते तर खाली शिवारातच थांबलं होतं. हे पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ओढ्याचं, रस्त्याखालच्या मोरीत तुंबलेलं. म्हातारी माणसं म्हणायची, मोरी मंजूर झाली होती तीन नळांची, बसवले दोनच. म्हटलं, बघूया तरी. मंजुरीची टिपणी, नकाशा आणि झालेलं काम मोजून लिहितात ती मोजमाप पुस्तिका मागितली. उत्तर आलं: 'सदर अभिलेखाचे संगणकीकरण करण्यात आले असून मूळ संचिका आढळून येत नाही.' कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण असं उत्तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पडून असणार.

मी म्हटलं, संगणकात आहे ना, मग तिथलं दाखवा. नाही म्हणाले. अपील केलं, तपासणीचा आदेश मिळाला. गेलो. एका खोलीत संगणक, त्यात 'जुने रेकॉर्ड' नावाचं एक फोल्डर. आत काय? स्कॅन 0001, स्कॅन 0002, स्कॅन 0003… खाली सरकवत गेलो तरी संपेना. कुठल्याच फाइलला विषय नाही, साल नाही, गट नंबर नाही. उघडावी तर पान आडवं. काही ठिकाणी घडी न उलगडताच कागद यंत्राखाली घातलेला, म्हणजे घडीखालच्या चार ओळी गेल्याच. सकाळी अकराला बसलो, दुपारी दोनपर्यंत 0417 पर्यंत पोचलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

तेवढ्यात तिथले एक जुने शिपाई पाणी घेऊन आले. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते त्यांचे. म्हणाले, "सायेब, त्या डब्यात कशाला शोधताय? मला इचारायचं की." त्यांनी कपाटामागून एक वही काढली. पुठ्ठा गेलेला, सुतळीनं शिवलेली. रेघा आखून त्यात लिहिलेलं: गठ्ठ्याचा नंबर, वर्ष, कशाचं काम, कुठलं कपाट, कितवा खण. त्यांच्या आधीच्या शिपायानं सुरू केलेली, यांनी चालू ठेवलेली. बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, "मोरी. खिडकीकडचं कपाट, वरनं तिसरा खण." दहा मिनिटांत तांबड्या रुमालातला गठ्ठा माझ्यापुढं होता. नकाशा निघाला. त्यावर तीन नळ काढलेले होते. मोजमाप पुस्तिकेत दोनाचीच नोंद.

मंडळी, मला त्या दिवशी राग आलाच, पण त्या वहीपुढं हातही जोडावेसे वाटले. स्कॅनिंगवर खर्च झाला होता, आणि आख्ख्या कार्यालयाची स्मृती एका शिवलेल्या वहीत होती. ते गृहस्थ निवृत्त झाल्यावर ती वही कुठं गेली, मी विचारायला गेलो होतो. कुणाला सांगता आलं नाही.

आपण कोल्हापूरची माणसं. राजर्षी शाहूंचा 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखणारा, आपल्याला तारखेनिशी पाठ आहे. का? तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापला, गॅझेट तारखेनं लावलं, जपलं. कुणी अर्ज करायच्या आधीच माहिती बाहेर आली होती. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 हेच तर मागतं! अभिलेखांची यादी करा, निर्देशसूची करा, जमेल ते संगणकावर आणा, आणि सतरा बाबी आपणहून जाहीर करा, त्याही कायदा झाल्यापासून 120 दिवसांत. क्रम बघा, सूची आधी आणि संगणक नंतर.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बरं, मूळ मुद्दे भरभर घेतो.

स्कॅन केलेल्या प्रत्येक संचिकेला विषय, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, तारीख आणि आवक-जावक क्रमांक जोडलाच पाहिजे. ही माझी हौस नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 7 सांगतं की इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढं वापरता यावा, आणि तो कुठून आला, कुठं गेला, कधी, हा तपशील त्यासोबत राहावा. कुठला कागद किती काळ जपायचा, म्हणजे अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, ड एक वर्ष, ही वर्गवारीही संगणकातल्या फायलींना लावा. नाहीतर हार्डडिस्क भरली की कुणीतरी जागा करायला अ वर्गही पुसून टाकतो, आणि नष्ट केल्याच्या नोंदवहीत त्याची ओळसुद्धा नसते.

दुसरं, व्हॉट्सॲप. पुराच्या दिवसांत निम्मे आदेश तिथंच सुटतात, त्याशिवाय कामं हलणार नाहीत, मान्य. पण साहेबांची बदली झाली की फोन त्यांच्याबरोबर जातो. संगणकानं तयार झालेलं साहित्यही माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 प्रमाणं अभिलेखच आहे. तेव्हा आदेश त्याच आठवड्यात संचिकेत उतरवून घ्यायची सवय लागली पाहिजे.

तिसरं, 'आढळून येत नाही'. कलम 8 आणि 9 मधल्या नकाराच्या कारणांत हे बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 2013 मध्ये स्पष्ट सांगितलंय, शोध घ्या, चौकशी करा, जबाबदारी ठरवा. अपिलात हा निकाल जरूर लिहा.

आणि शेवटचं, 2018 च्या शासन परिपत्रकानं स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख बघू देण्याची सोय केलीय. ती वापरा, नाहीतर बंद पडेल. येत्या सोमवारी मी जाणार आहे, मागणार आहे फक्त अभिलेखांची यादी. ज्यांना यायचंय त्यांनी इथं नावं द्या.