"मॅडम, मी काही खातच नाही हो!"

श्रोतेहो, नमस्कार.

पन्नाशी ओलांडलेली बाई वजनाची तक्रार सांगू लागली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात हे येतंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बायका माझ्याकडे गुडघा, पाठ, खांदा घेऊन येतात आणि वजनाचा विषय आपोआप निघतो. सदाशिव पेठेतली असो, कोथरूडची असो नाहीतर हडपसरची, "मी काही खातच नाही, तरी वजन वाढतंय." सोबत आलेली लेक किंवा सून गालातल्या गालात हसते. मला हसू येत नाही, कारण ती बाई खोटं बोलत नसते. ती खरंच फार खात नाही. पण या वयात जे खायला हवं, नेमकं तेच तिच्या ताटात सगळ्यात कमी पडतं. आज मला बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी शरीरात काय होतं ते थोडक्यात. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ धरतात. म्हणजे पन्नाशीला आपल्यातल्या बहुतेकींची पाळी जाऊन दोन-चार वर्षं झालेली असतात. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं संप्रेरक कमी झालं की चरबीची जागा बदलते. इतके दिवस मांड्यांवर, नितंबांवर बसणारी चरबी पोटात, यकृताच्या आणि आतड्यांच्या भोवती साठायला लागते. म्हणून वजन दोनच किलो वाढलेलं असतं, पण ब्लाउज सगळे उसवावे लागतात. याच काळात स्नायू झिजतात आणि हाडांतलं कॅल्शियमही झपाट्यानं उतरतं.

"वयामुळे मेटाबॉलिझम मंदावला" असं आपण सर्रास म्हणतो. २०२१ साली २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांची मोजणी करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीरातले स्नायू आणि चरबी हिशोबात धरली, तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो, असं त्यात दिसलं. मग आपला खर्च कमी का होतो? एक तर हालचाल कमी होते, आणि दुसरं म्हणजे खर्च करणारे स्नायूच कमी झालेले असतात. वयाचे आकडे आपल्या हातात नाहीत, स्नायू मात्र आहेत.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट आपल्या पुण्यातलीच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला शिडशिडीत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली, आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगणारे. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची मर्यादाही खाली आणलेली आहे, २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता.

तेव्हा माझं पहिलं सांगणं असं, की काट्याच्या आधी टेप काढा. शिलाईच्या डब्यातली साधी टेप चालेल. सकाळी, काही खाण्याआधी, कपडा बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा. पोट आत ओढू नका, फोटो काढायचा नाहीये. श्वास सोडा आणि आकडा वाचा. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही सीमा. त्याच्या वर असाल तर काटा काहीही म्हणो, काम सुरू करायला हवं.

आता ताटाकडे येऊ. दुपारचा एक वाजलाय. घरातल्यांची जेवणं चाललीत. आमटीच्या पातेल्यात डाव तळापर्यंत घालून घट्ट डाळ नवऱ्याला, मुलाला, नातवाला वाढली जाते. आपण शेवटी बसतो तोवर पातेल्यात उरते ती वरची निवळ. तिच्यात थोडं गरम पाणी घातलं की वाटी भरते. ती भातावर, सोबत दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणच्याची फोड. झालं जेवण. या सगळ्यात प्रथिनं असतात जेमतेम दहा-बारा ग्रॅम. मग नातवानं टाकलेली अर्धी पोळी, कढईच्या तळाशी राहिलेला शिरा, "आता एवढ्यासाठी कुठे डबा भरायचा" म्हणून संपवलेला भात. हे 'खाल्लं' या सदरात कुणीच लिहीत नाही. चारला चहा आणि दोन बाकरवड्या. आणि रात्री? "रात्री मी जेवतच नाही, नुसता चहा-टोस्ट." दिवसाकाठी चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर चाळीस ग्रॅम साखर झाली, दीडशेच्या वर कॅलरी, आणि पोटाला आधार शून्य.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. उतारवयात स्नायू टिकवायचे तर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत जावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आकडा वाढवू नये.

हे पन्नास-साठ ग्रॅम आणायचे कुठून? त्यासाठी डबाबंद पावडरी घ्यायलाच हव्यात असं नाही. अर्धी वाटी बेसनाच्या पिठल्यात नऊ-दहा ग्रॅम मिळतात. मोठी वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, सात-आठ. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. मूठभर फुटाण्यांत सहा. मोठी वाटी दही, सहा-सात. मासे, चिकन खाणाऱ्यांचं काम तर सोपंच आहे. तिन्ही वेळच्या खाण्यात यातलं काहीतरी हवं, आणि सकाळच्या नाश्त्यात तर हवंच. नुसते पोहे खाल्ले की अकराला पुन्हा भूक लागते. त्यांच्यासोबत एक अंडं किंवा वाटीभर मोड घ्या, दुपारपर्यंत डब्यांकडे हात जाणार नाही. दाण्याच्या कुटाबद्दल मात्र हात आखडता घ्या. त्यात प्रथिनं आहेत हे खरं, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, आणि आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत सगळीकडे कूट असतोच. आणि आमटी वाढताना आधी डाव नीट ढवळा. ताटाचा क्रम नाही बदलता आला, तरी डाळ सगळ्यांना सारखी येईल.

उपासाचं काय, असं विचाराल. एकादशी, दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर कूट, तूप, बटाटा. चातुर्मासात आठवड्याचे दोन-तीन उपास धरणाऱ्या बायका आश्विनात दोन किलो वाढवून येतात, हे मी नेहमी बघते. उपास श्रद्धेनं करा, पण दही, ताक, दूध, राजगिऱ्याची भाकरी, फळं यांवर करा.

दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, ही पद्धत महाराष्ट्रात घराघरांत पोहोचली. काहींना तिचा फायदा झाला, तो मला दिसलेलाही आहे, कारण मधल्या वेळचं चरणं बंद होतं. पण दोन जेवणांत साठ ग्रॅम प्रथिनं बसवायची असतील तर ती दोन्ही जेवणं विचारपूर्वक रचावी लागतात, आणि निवळ-भात-पोळीवर ते होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर असा बदल डॉक्टरांना सांगूनच करायचा. साखर एकदम खाली येऊ शकते.

आता माझ्या खात्यातला विषय, व्यायाम. "आम्ही रोज टेकडीवर जातो" असं अभिमानानं सांगणाऱ्या बायका पुण्यात पुष्कळ आहेत. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, नाहीतर सारसबाग. छान आहे. चढ-उतार असल्यामुळे टेकडी सपाट रस्त्यापेक्षा चांगलीच. फक्त दीड तासातला पाऊण तास कट्ट्यावर जातो, आणि उतरल्यावर अमृततुल्यचा चहा आणि क्रीमरोल होतो, तो हिशोब ज्याचा त्यानं करावा! चालण्याचा वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्याला असं किमान दीडशे मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच शिफारशीचा पुढचा भाग मात्र कुणी वाचत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. चालण्यानं हृदय सुधारतं, पण झिजलेला स्नायू नुसत्या चालण्यानं पुरेसा परत येत नाही. घरकामानंही नाही. तीस वर्षं रोज तेवढंच वजन उचललं की स्नायूला त्यात नवीन काही उरत नाही.

जिम लावायची तर जरूर लावा, पण सुरुवातीला जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची पुरते. हात नसलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. प्लॅस्टिकची नको, घसरते. खुर्चीच्या कडेवर या, दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, दोन्ही हात छातीवर दुमडलेले. हाताचा आधार न घेता पूर्ण उभ्या राहा. आणि बसताना मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश बसा. धपकन बसू नका, खरा व्यायाम खाली येतानाच होतो. आठ-दहा वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा करा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. दोन-तीन आठवड्यांत हे सोपं वाटायला लागलं की पाण्याची लिटरची बाटली छातीशी धरा, मग दोन. हीच परीक्षाही आहे. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला तीस सेकंदांत असं किमान बारा वेळा उठता यायला हवं. आज रात्री घड्याळ लावून बघा. याच्या जोडीला भिंतीवर हात टेकवून दंड, आणि सकाळी दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी पाठ गोल करून खाली वाकण्याचे व्यायाम मात्र टाळावेत, सूर्यनमस्कारसुद्धा विचारून.

"गुडघे दुखतात म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून वजन" या चक्रात अडकलेल्यांसाठी एक हिशोब. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तीन किलो उतरवून बघा, पर्वतीच्या पायऱ्या वेगळ्या वाटतील.

किती उतरवायचं, तर फार नाही. अमेरिकेत २००२ साली मधुमेह टाळण्याबाबतचा एक प्रसिद्ध अभ्यास छापला गेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना वजनाच्या सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्या गटात तर ७१ टक्क्यांनी. सत्तर किलोच्या बाईला सात टक्के म्हणजे पाच किलो. लग्नातल्या फोटोपर्यंत जायची गरज नाही. आठवड्याला अर्धा किलो पुरे. त्याहून घाईनं उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज विचारलं जातं. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे आलं, वेगोव्ही जूनमध्ये. औषधं परिणामकारक आहेत आणि काहींना ती खरोखर गरजेची असतात. पण भूक मरते तेव्हा आधीच कमी असलेली डाळ-उसळही ताटातून जाते. म्हणून ती घेणारीला खुर्चीचा व्यायाम आणि प्रथिनं दुप्पट महत्त्वाची. आणि ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. मैत्रिणीनं घेतलं म्हणून ओळखीच्या केमिस्टकडून आणलं, असं चालणार नाही.

सुरुवात करण्याआधी थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन, बी १२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. स्टेरॉइड किंवा इतर काही औषधांनीही वजन वाढतं, तेव्हा चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. घामाच्या लाटांनी रात्रीची झोप मोडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत, आणि झोप अपुरी असली की दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, किंवा काही न करता वजन आपोआप उतरायला लागलं, तर मात्र आनंद मानू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तर घाबरू नका. टेप महिन्यातून एकदाच लावा, त्याच जागी, त्याच वेळी, आणि आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा.

नमस्कार.